येळवशीच्या दिवशी जैसलमेर

अक्षरानं दिवाणावरची चादर ओढून ताठ केली आणि उशीजवळच्या कोपऱ्यात चहाचा रिकामा कप ठेवला.

"हे जोधपूर," ती म्हणाली. मग आजीच्या चष्म्याचं घर उचलून दुसऱ्या टोकाला नेलं. "आणि हे जैसलमेर. मधलं सगळं वाळवंट."

शरणम्मांनी मांडीवरचं तुरीच्या शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि वाकून पाहिलं. मोबाइलवरचा नकाशा त्यांना जमत नसे. बोट लागलं की गावं पळून जायची. चादर जागच्या जागी होती.

"एवढं मोठं? आन् मदी कायच न्हाई?"

"आहे ना, आज्जी." अक्षरानं वाटीतले शेंगदाणे घेतले. "हे ओसियां, इथं जुनी देवळं. हे फलोदी, तिथं हिवाळ्यात करकोच्यांचे थवे उतरतात. आणि हे पोकरण."

उमाशंकरनं पोकरण उचलून तोंडात टाकलं.

"बाबा!"

"मग? वाळवंटात दुसरं काय मिळणार हाय खायला?"

"ह्यांना घेऊन जाऊ नका," आरती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "जैसलमेर येईस्तोवर आख्खं राजस्थान संपवतील."

शरणम्मा हसल्या. तीन दिवसांसाठी म्हणून त्या लातूरहून एसटीनं नांदेडला आल्या होत्या आणि आल्यापासून घरात हेच चाललं होतं. लेक उमाशंकर विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवायचा. तो रोज संध्याकाळी बूट काढता काढता विचारी, "कुठवर आलो आपण?" नात अक्षरा हैदराबादेत नोकरीला होती, सुट्टी काढून आली होती. शरणम्मांची मुलगी दामिनी हैदराबादेतच असे. ती, जावई, त्यांचा मुलगा, सगळेच येणार होते. जोधपूरला रेल्वेनं जायचं आणि तिथून एकच मोठी गाडी करायची. एकच गाडी, हा शरणम्मांचा हट्ट होता. दोन गाड्या केल्या की माणसं दोन ठिकाणी हसतात, असं त्यांचं म्हणणं.

"थांबा, आता कोणत्या दिवशी कुठं ते लिहून काढू," असं म्हणत उमाशंकरनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं, डिसेंबरचं पान वर केलं आणि पेनाचं टोपण दातात धरलं. "जोधपूरला पोचायचं हे इथं. एक दिवस किल्ला. आन् मग गाडीनं निघायचं ते…"

पेन हवेतच राहिलं. त्यानं टोपण तोंडातून काढलं.

"अव्वा," तो आईला म्हणाला. "त्या दिवशी येळवस हाय."

शरणम्मांनी सूप परत मांडीवर ओढलं.

मार्गशीर्षातली ती अमावस्या नांदेडच्या त्या कॉलनीत कुणाच्या ध्यानात नसायची. आरतीच्या माहेरी शेत नव्हतं, त्यामुळं तिला तो दिवस लग्नानंतर कळला. पण लातूरकडं त्या दिवशी दुकानांची कुलपं निघत नाहीत. सगळं शहर उठून शेतात जातं. कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, करतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव मांडतात, ताकातली आंबील आणि शेंगा-भाज्यांची भज्जी वाढतात, आणि दिसेल त्याला जेवायला बसवतात. शरणम्मांचे यजमान मलप्पा यांचं लातूरच्या गंजात, धान्यबाजारात, भुसाराचं दुकान होतं. वर्षातून एकच दिवस ते दुकान बंद ठेवायचे, तो हाच. शिरूर अनंतपाळच्या वाटेवरच्या त्यांच्या शेतात तेव्हा माणूस मावत नसे.

"आज्जी, तूच म्हणालीस ना, तो आठवडा चालेल म्हणून?" अक्षराचा चेहरा पडला. "मी तुला विचारूनच तिकिटं काढली."

"व्हय, म्हन्ले व्हते." शरणम्मांनी एक शेंग मोडली. "इसरले बाबा."

उमाशंकर त्यांच्याकडं बघतच राहिला. दिवाळीचा दिवस कोणता हे एखादवेळी अव्वा विचारून घेईल, पण येळवस? दसरा झाला की तिच्या तोंडात दुसरा विषय नसायचा.

"इसरलीस?"

"वय झालं. व्हतंय असं."

तो दिवाणावर बसला. कप कलंडला, तो त्यानं सरळ केला नाही. थोड्या वेळानं लेकीकडं वळून सांगायला लागला, जणू चूक तिच्याकडून झाली होती आणि तिला ती समजावून द्यायला हवी होती.

"तुला म्हाईत न्हाई, अक्षरा. आमचे आप्पा त्या दिवशी सडकेवर जाऊन उभे राहायचे. एकदा त्यांनी नांदेडला जाणारी एसटी अडवली. ड्रायव्हर, कंडक्टर, सगळे पाशिंजर उतरवून कोपीत नेले. कंडक्टर म्हणला, मालक, नोकरी जाईल. आप्पा म्हणले, गेली तर माझ्या दुकानात बस, आधी आंबील घे. आन् अव्वा एकटी वाढायली होती. पन्नास माणूस!"

"पन्नास कुठलं," शरणम्मा म्हणाल्या. "भज्जी कमी पडली व्हती. मीच ऱ्हायले उपाशी."

"आन् संध्याकाळी गवताचा पलिता पेटवून शेताभवती पळायचो आम्ही. दामिनीच्या परकराला ठिणगी लागली होती." त्याचे डोळे चमकले. "तो वास अजून नाकात हाय माझ्या."

शरणम्मा ऐकत होत्या. त्या दिवसाबद्दल त्याच्याइतकं गोड बोलणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. सोलताना एक दाणा सुपाबाहेर उडाला, तो त्यांनी शोधून आत टाकला.

उमाशंकर उठला. "न्हाई. तिकिटं रद्द करू. येळवशीपुढं जैसलमेर काय लागून गेलं? आपण सगळे शेतात जाऊ. दामिनीला पण बोलावतो." आणि फोन शोधत तो बाहेरच्या खोलीत गेला.

अक्षरानं चादरीवरचे शेंगदाणे गोळा केले.

शरणम्मा सूप घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या. आरतीनं गॅस बारीक केला. ती त्यांच्यासमोर खाली बसली, मूठभर शेंगा घेतल्या.

"अव्वा, तुम्ही विसरला नाहीत."

"म्हन्ले न्हवं, इसरले म्हनून."

"माझ्या लग्नात कोण कुठलं पातळ नेसून आलं होतं, ते तुम्हाला अजून पाठ आहे. आणि येळवस विसरता?"

शरणम्मांनी दाराकडं पाहिलं. बाहेर उमाशंकर कुणाला तरी फोन लावत होता, लागत नव्हता.

"मागल्या येळवशीला कोपीत कोन कोन व्हतं, म्हाईत हाय तुला?"

"बघितलं की व्हिडिओवर. खूप माणसं होती. हे म्हणालेसुद्धा, यंदा लई गर्दी हाय."

"ती ऊसतोडीची मान्सं व्हती. शेजारच्या फडावरची."

आरतीचे हात थांबले.

"आदल्या राती आंबिलीचं पीठ भिजवलं, रोजच्यासारकं. म्हनजे, लई जनांचं. सवयच हाय हाताला. दामिनीचा फोन आला, पोराची परीक्षा हाय. मग उमाचा आला. कालेजात पावने यायलेत तपासाय. खोटं न्हवतं त्याचं. कुनाचंच खोटं नसतंय." त्यांनी एक शेंग मोडली, आतला दाणा किडका निघाला, तो फेकला. "मी, आपला वाटेकरी मारोती, त्याची बायकू. तिघांनी पांडव पूजले. सतरंज्या हातरलेल्या. आन् तेवढ्यात उमाचा व्हिडिओ. अव्वा, कोपी दाखव. मी म्हन्ले, बाबा, रेंज न्हाई, थांब जरा. मारोतीला म्हन्ले, पळ, त्या तोडीवाल्यांस्नी बोलवून आन. बसवली त्यांस्नी. पोटभर जेवली बिचारी. मग फोन फिरवून दाखिवला."

गॅसवर काहीतरी उतू जाऊ लागलं. आरतीनं उठून झाकण काढलं. पाठ फिरवूनच ती म्हणाली, "मग सांगा ना ह्यांना हे."

"काय सांगू?"

"हेच."

"सांगितलं तर रडंल तो. आन् यंदा येईल. समद्यांस्नी हाकून आनंल. तू धुळीपायी तोंड बांधून बसशील, पोरं मोबाइलवर बसतील, जावई घड्याळ बघंल." शरणम्मांनी पदरानं सुपाची कड पुसली, जिथं काही लागलं नव्हतं. "आता बघ, कशी नाचायलीत समदी. पोकरण काय खातो, जोधपूर काय सांडतो. मला ह्यांच्यात बसून खायाचं हाय त्या दिवशी. वाळूत का व्हईना. मळा मारोती पूजंल, त्याचा बी हायच की तो."

बाहेर फोन लागला होता.

"हां, दामिनी! ऐक, ते राजस्थानचं जरा…"

आरती ओढणीला हात पुसत बाहेर गेली. शरणम्मा गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि दारापर्यंत आल्या.

"काही सांगू नका त्यांना," आरती नवऱ्याला म्हणाली. "मी शेतात येणार नाही."

उमाशंकरनं फोनवर हात ठेवला. "काय?"

"मला ती धूळ सोसत नाही. उन्हात बसून डोकं दुखतं. आंबील तर मला आवडतच नाही. लग्न झाल्यापासून तुमचं ऐकत आले, एकदा मला पाहिजे तिकडं चला. रद्द करायचं नाही."

"मम्मी, वाळवंटात काय धूळ नसते?" अक्षरानं विचारलं.

"तू गप."

उमाशंकरचा चेहरा लाल झाला. "हळू बोल. अव्वा आत हाय."

"ऐकू दे."

"अगं, सणाचा दिवस हाय तो तिचा! म्हातारं माणूस इसरलं म्हणून आपण…" त्याला दारात उभी असलेली आई दिसली. तो गोंधळला. "अव्वा, तिच्या बोलण्यावर जाऊ नको तू. डोकं फिरलंय तिचं. मी बघतो."

सगळे शरणम्मांकडं बघत होते. आरती मात्र खिडकीबाहेर बघत होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या दिसत होत्या. शरणम्मांनी खरं काय ते एका शब्दानं सांगितलं असतं तर तिची सुटका झाली असती.

"बराबर बोलली ती," शरणम्मा म्हणाल्या. "सुनेच्या मनासारकं बी व्हावं की एकदा."

"पण येळवस, अव्वा!"

"येळवस दरसाल येती."

उमाशंकरनं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. "तुमचं बायकांचं काय कळत न्हाई," असं पुटपुटत तो फोन घेऊन गॅलरीत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

दोघी परत सुपाशी येऊन बसल्या. शेंगा मोडू लागल्या.

"आता गावभर सांगंल तो," शरणम्मा म्हणाल्या. "बायकूला सासरचा सन नको झालाय म्हनून."

"सांगू द्या."

"आंबील खरंच आवडत न्हाई व्हय तुला?"

आरतीनं खाली मान घालून शेंग मोडली. "नाही, अव्वा."

"आन् यायचीस तवा दोन-दोन वाट्या मागून प्यायचीस ती?"

"तुम्ही वाढायला बसायचात म्हणून."

शरणम्मांनी तोंडाला पदर लावला. हसू दाबता दाबता त्यांना ठसका लागला, तेव्हा आरतीनं उठून पाण्याचा तांब्या दिला आणि स्वतःही हसली.

गॅलरीचं दार नीट लागलं नव्हतं. उमाशंकरचा आवाज आत येत होता. आधी मोठा होता, मग हळूहळू खाली आला.

"जायचं तर नक्की हाय… न्हाई गं, ते न्हाई. अव्वा येळवस इसरली, दामिनी. आपली अव्वा." मध्ये तिकडून दामिनी काहीतरी बोलली असावी. "मला तर काही सुधरंना. एकटी असती तिथं. आता महिन्याला एक चक्कर तरी लातूरला टाकावी लागंल. तू पण येत जा."

आरतीनं मान वर करून सासूकडं पाहिलं.

शरणम्मांनी तिच्यापुढं आणखी मूठभर शेंगा सरकवल्या. "बघून सोल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आळी असती आत."