रविवार, चार वाजताचं चित्र

मी जेवणघराच्या भिंतीवरचा फळा बोलतोय. फळा म्हटलं की तुम्हाला खडू आठवेल, पण माझ्या अंगाला आजवर खडू लागलेला नाही. या घरात राहणाऱ्या सहा जणांपैकी पाच जणांना वाचता येत नाही. सहावीला फक्त स्वतःचं नाव वाचता येतं आणि ते ती भेटेल त्याला वाचून दाखवते. म्हणून माझ्यावर चित्रं लागतात. आंघोळीचं, गोळ्यांचं, बटाटे सोलायचं, फिरायला जायचं. वरून खाली बघत गेलं की दिवस संपतो.

कपाट करून उरलेल्या फळीतून माझा जन्म झाला. सुताराने माझी एक बाजू बोटभर आखूड कापली आणि भिंतीवर टांगल्यावर कोण बघतंय, असं म्हणून हात झटकले. तेव्हापासून मी डावीकडे जरा कललेलाच आहे. अंगावर हिरवं कापड, त्यावर सात वारांच्या सात वेल्क्रोच्या पट्ट्या आणि पायाशी एक लाकडी पेटी. काम झालं की ज्याचं त्याने चित्र काढायचं आणि पेटीत टाकायचं. साधा कारभार.

ही कल्पना ताईची. घरातली माणसं वयाने मोठी, कुणी तिशीतलं, कुणी पन्नाशीतलं. पण जन्मापासून त्यांच्या बुद्धीची वाढ सावकाश झालेली, त्यामुळे रोजच्या कामांना कुणाचा तरी हात लागतो. तो हात ताईचा. ती इथे तीन महिन्यांसाठी आली होती, चांगली नोकरी मिळेपर्यंत. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. कुणी विचारलंच तर शोधतेय म्हणून सांगते.

तिचं काम मी इतक्या जवळून पाहिलंय की मला त्यातली खोच कळते. मदत करणं सोपं आहे हो. सदऱ्याचं एक बटण लावायला एखाद्याला सात मिनिटं लागतात, बाहेर गाडी खोळंबलेली असते, तेव्हा मदत न करणं अवघड. अशा वेळी ताई स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहते. समोरून कुणाला दिसत नाही, मला बाजूने दिसतं. बटण लागलं की तिचे हात सुटतात आणि ती नुसतं "चला" म्हणते.

पाहुणे मात्र भलतेच. आमच्या माणसांशी ते बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने बोलतात, नाहीतर त्यांच्या डोक्यावरून ताईशी. एकदा एका बाईंनी आमच्यातल्या एकाकडे, सगळे ज्याला पोस्टमन म्हणतात त्याच्याकडे, बोट दाखवून ताईला विचारलं, याला चहा चालतो का. ताई म्हणाली, "त्यालाच विचारा की, प्यायचाय त्याला." बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. पोस्टमनने दोन कप घेतले.

आता या पोस्टमनबद्दल सांगायलाच हवं. वय चव्वेचाळीस, अंगाने थोराड, चालणं हळू. लावायची चित्रं एका डब्यात असतात; सकाळी त्यातली त्या दिवसाची चित्रं घेऊन ज्याची त्याला नेऊन द्यायची हे काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलं, म्हणून हे नाव. स्वतःची चित्रं तो सगळ्यांत शेवटी लावायचा आणि त्यातही रविवारी चार वाजताचं आधी तळहाताने पुसून घ्यायचा. ते त्याच्या आईचं चित्र. चित्र कसलं, फोटोच. आई दर रविवारी चार वाजता यायची, त्याची नखं कापायची, शेजारी बसून सगळ्या आठवड्याचं ऐकून घ्यायची आणि सहाला जायची.

माझ्या बाबतीत ताईचा एकच कडक नियम होता. जे नक्की, तेच फळ्यावर. बहुतेक, बघू, जमलं तर, यांची चित्रं आमच्याकडे नव्हतीच. त्यामुळे या घरात माझा शब्द चालायचा. माणसांच्या बोलण्यावर विश्वास न ठेवणारेसुद्धा माझ्याकडे बघून निर्धास्त व्हायचे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आणि मग एका बुधवारी पोस्टमनची आई गेली.

त्याचा थोरला भाऊ, ज्याला तो दादा म्हणतो, दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना भेटायला आला. मोठ्या बाई म्हणजे या घराच्या प्रमुख. दोघं इथेच, माझ्यासमोर बसून हळू आवाजात बोलत होते. त्याला सांगून काय उपयोग, त्याला काय कळणार, उगाच बिथरेल, असं दादाचं म्हणणं. काही दिवसांत विसरेल, असं बाईंचं. आई गावाला गेलीय म्हणायचं ठरलं. ताई कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. फोटो काढून टाका, असं बाईंनी सांगितल्यावर तिने तो डब्यातून काढला आणि एप्रनच्या खिशात ठेवला. मी ते होऊ दिलं. फळा दुसरं काय करणार, पण मला ते लागलं.

रविवार आला. पोस्टमनने सगळ्यांची चित्रं वाटली, डबा चाचपला आणि परत चाचपला. मग पेटी उलटी केली. मग मला भिंतीपासून ओढून माझ्या पाठीमागे हात घातला. आई गावाला गेलीय, असं तीनदा सांगून झालं, पण तो ऐकतच नव्हता. त्याच्या लेखी हिशोब सरळ होता. चित्र लागतं तेव्हा आई येते. चित्र त्याच्या ताब्यात असतं. चित्र सापडत नाही, म्हणजे त्याने ते हरवलं. आणि त्याने हरवलं म्हणून आई येत नाहीये.

विसरेल म्हणणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

सोमवारपासून त्याने कुणाचंच चित्र हातात घेणं बंद केलं. कुणी पुढे केलं की हात मागे ओढायचा. ताटातलं अर्धं तसंच राहू लागलं. दुसऱ्या रविवारी त्याने गाद्या उलथ्यापालथ्या केल्या. तिसऱ्या रविवारी, चार वाजता, तो माझ्यासमोर उभा राहिला, रिकाम्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आई, मी शोधतोय. रागावू नको."

ताई मागे ताटं पुसत होती. तिने हातातलं ताट खाली ठेवलं आणि सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. दार लोटलेलं होतं, तरी आवाज येत होता. या माणसांसमोर कधी आवाज न चढवणारी ताई तिथे चांगलीच कडाडली. नोकरी गेली तरी चालेल इथवर बोलून झालं. मोठ्या बाईही वाईट नव्हेत. पोस्टमन तीन किलो हलका झालेला त्यांनाही दिसत होता. उद्या सांगा, म्हणाल्या, मी दादांना कळवते.

सोमवारी नाश्ता झाल्यावर ताईने दोन खुर्च्या माझ्यासमोर ओढल्या. पोस्टमनला बसवलं. खिशातून फोटो काढून त्याच्या हातात दिला. इतके दिवस तो तिच्याच खिशात होता, कोपरे दुमडले होते.

"हा तू हरवला नव्हतास. मी काढून ठेवला होता. चूक माझी," ती म्हणाली.

तो फोटो उलटासुलटा करत राहिला.

"आई वारली. वारली म्हणजे तिचं शरीर बंद पडलं. आता ती येणार नाही. रविवारीसुद्धा नाही. रडलं तरी चालतं."

झोपली नाही, देवाघरी गेली नाही, गावाला तर नाहीच. तिने एकही शब्द मऊ केला नाही, फक्त आवाज मऊ ठेवला. पोस्टमनने फोटोवरून तळहात फिरवला. मग विचारलं, "मी नाही हरवली?"

"नाही. तुझ्याकडून काही हरवलं नाही."

आधी त्याचे खांदे खाली आले आणि मग तो रडला. त्या दिवसापासून कितीतरी आठवडे त्याने तेच प्रश्न विचारले, दिवसातून दहादा. ताईने दर वेळी तीच उत्तरं दिली, त्याच शब्दांत. एकदाही 'सांगितलं ना मघाशी' म्हणाली नाही. फोटो त्याने उशाशी ठेवला. सकाळचं वाटप हळूहळू पुन्हा सुरू झालं.

दोन महिन्यांनी दादा आला. इतके दिवस त्याची हिंमत झाली नव्हती. पोस्टमनच्या शेजारी माझ्याखालच्या बाकावर बसला, हवापाण्याचं बोलला आणि मग घसा खाकरून सुरू झाला, "आई ना, आई जरा..."  बिचारा खाली बघत राहिला.

पोस्टमनने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. त्याला वाटलं असावं, याला कुणी सांगितलेलंच दिसत नाही. खुर्ची ओढायला जागा नव्हती, म्हणून तो बाकावरच सरकून जवळ गेला आणि दादाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दादा, आई वारली. तिचं शरीर बंद पडलं. आता येणार नाही," तो सावकाश म्हणाला. "तुझ्याकडून काही हरवलं नाही. रडलं तरी चालतं."

दोन महिने न रडलेला तो पन्नाशीचा माणूस ओक्साबोक्शी रडला. पोस्टमन शेजारी बसून राहिला, घाई न करता. दाराशी ताई उभी होती. पुढे यावंसं तिला वाटत असणार, पण तिने दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

माझं कापड आता विटलंय, पट्ट्या नीट धरत नाहीत. माझ्या जागी नवा फळा येणार, असं कानावर आलंय. येऊ दे. माझी तक्रार नाही. मी तीन आठवडे खोटा ठरलो होतो आणि एका बाईने नोकरी पणाला लावून मला पुन्हा खरं केलं. आणखी काय हवं असतं एका फळीला? नव्यालाही ताईच्या आणि पोस्टमनच्याच हातांत द्या, एवढंच मागणं. दादा आता महिन्यातून दोन रविवारी येतो. तो फोन करून नक्की सांगतो, मगच पोस्टमन त्याचं चित्र लावतो. आल्यावर दादा त्याची नखं कापायला बसतो. त्याला ते अजून नीट जमत नाही, आणि पोस्टमन त्याला शिकवतो.