चिमटीचा जोर

कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात मास्तरांच्या कात्रीला मोठा मान होता. तीस वर्षं कापड कापून उजव्या अंगठ्याचं मूळ झिजलं, संधिवातानं हाडावर हाड घासू लागलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी ऑपरेशन करून तिथलं एक बारकं हाडच काढून टाकलं. दुखणं गेलं. पुसून टाकल्यासारखं गेलं. खोटं कशाला बोला! खोटं पुढे आहे.

वर्षानं तपासणीला बोलावलं. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी चिमटीचा जोर मोजायचं यंत्र पुढे केलं. मुठीएवढं, वर काटा. "दाबा, मास्तर." मास्तरांनी दाबलं, पण जाड कापडावर कात्री चालवावी तसं. खालची बाजू टेबलाच्या कडेला टेकवली, खांदा झुकवला आणि सगळ्या अंगाचा भार दिला. हाडामासात भिनलेली सवय ती. काटा सुसाट पळाला. ताई तेवढ्यात कागदात बघत होत्या. मान वर करतात तर काय!

"अगंबाई! आधीच्या दुप्पट!"

डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांचा चेहरा असा उजळला, की 'थांबा, मी टेकवून दाबलं' हे मास्तरांच्या ओठांवर आलेलं वाक्य परत पोटात गेलं. दाबलं ती चूक होती. गप्प राहिले ते पाप. देव माणसाला जीभ देतो ती नेमकी अशाच वेळी टाळ्याला चिकटते.

"जाड कापड कापता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कापतो की!"

खरं तर जाड कापड आलं की मास्तर ते मुकाट शेजारच्या टेबलाकडे सरकवत. त्यानंतर दवाखान्याबाहेर बाकावर बसलेले लोक त्यांना अंगठा दाखवायला लावू लागले आणि मास्तरही नवरदेवासारखे मिरवू लागले.

कारखान्याच्या वरच्या मजल्यावर काजकाकू होत्या. कोटाची काजं हातानं करणाऱ्या, म्हणून काजकाकू. त्यांचंही तेच ऑपरेशन आठ महिन्यांपूर्वी झालेलं. एका दुपारी डबा खाताना त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या अंगठ्याचा हेवा वाटतो हो. माझी कळ थांबली, पण सुई ओढताना चिमूट सुटते. डॉक्टरबाई म्हणतात, दुखणं जातं, जोर मात्र बऱ्याच जणांना पूर्ण येत नाही, धीर धरा. मी म्हटलं, मग मास्तरांना कसा आला? पुन्हा उघडा आणि त्यांच्यासारखा करून द्या. नको नको म्हणत होत्या, पण मी हट्टालाच पेटले. गुरुवारी आहे."

मास्तरांनी हातातला घास डब्यात ठेवला. "दुसऱ्यांदा कशाला, काकू? आहे ते बरंय की."

"तुम्हाला बोलायला काय जातंय! तुमचं सोनं झालं."

दोन दिवस मास्तरांना स्वतःचा हात डोळ्यांसमोर नकोसा झाला. भरल्या सभेत ज्याच्या गळ्यात हार पडावा आणि हार चोरीचा निघावा, तशी गत. हात जोडायला गेले की तो अंगठाच आधी दिसे. बुधवारी काकू भरती व्हायला दवाखान्यात निघाल्या, तसे हेही मागोमाग गेले.

"डॉक्टरबाई, ते यंत्र आणा."

"अहो, तुमचं झालंय ना मोजून?"

"ते मोजणं खोटं आहे." काकू बघत होत्या. मास्तरांनी यंत्र हातात घेतलं, कोपर अंगाशी धरलं, कशालाही न टेकवता दाबलं. काटा जरासा हलला आणि थांबला. मागच्या वेळच्या निम्म्यावरही नाही. घाम फुटला, काटा तिथंच. मग कडेला टेकवून भार कसा दिला होता, तेही करून दाखवलं. काटा पुन्हा पळाला.

डॉक्टरबाईंनी कागद काढला, आकड्यावर रेघ मारली. "मी तुमचं उदाहरण कितीजणांना दिलं, मास्तर," एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकूंनी यंत्र ओढून घेतलं आणि तसंच, हवेत धरून दाबलं. काटा मास्तरांच्या आकड्याच्या थोडा पुढे गेला.

"म्हणजे माझा अंगठा बिघडलेला नाहीच?"

"नाही, काकू. तुमचा चांगलाच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणूनच पुन्हा उघडायला नको म्हणत होते."

"उद्याचं खोडा." काकूंनी पिशवी उचलली. दारापाशी वळल्या. "मास्तर, कित्येक महिने सून ऐकवतेय मला. मास्तरांना जमलं, तुम्ही व्यायामात आळस केलात. मुलगाही तिचीच री ओढतो. मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं. त्याचं काय?"

मास्तरांची मान वर होईना. "मी येतो, काकू. आत्ता येतो, दोघांना सांगतो."

"आत्ता नको. सून घरी नसते, मुलगा संध्याकाळी येतो." काकूंनी क्षणभर विचार केला. "रविवारी सकाळी दहाला या. विहीणबाईही असतील. सगळ्यांसमोर सांगा, हे यंत्र मागून आणा आणि तिथंही हवेत धरून दाबून दाखवा."

"येतो."

"आणि हो, जेवायला बोलावत नाहीये."