शिवून दिलेले नियम

बुधवारी अकराच्या सुमारास फोन वाजला तेव्हा ताई एका कोटाची बाही उसवत बसली होती. व्यसनमुक्ती केंद्रातून धाकट्या भावाला आठवड्याला एकच फोन मिळायचा, तोही दहा मिनिटांचा. त्यातली निम्मी मिनिटं तो नुसता "हं, हं" करण्यात घालवायचा. त्या दिवशी मात्र त्याने नमनाला घडाभर तेल घातलं नाही.

"ताई, रविवारी मी घरी येतोय."

"अरे, नव्वद दिवसांचं ठरलंय ना? सव्वीसच झालेत."

"माझ्या सहीने आलोय, माझ्या सहीने जाईन. इथे कुणी बांधून ठेवत नाही."

तेही खरंच होतं. गेल्या वर्षी असाच तो एकोणतिसाव्या दिवशी घरी आला होता आणि पाचव्या दिवशी ताईने पिऊन पडलेल्या त्याला जिन्यातून उचलून वर नेलं होतं. अडतीस वर्षांचा घोडा, आणि ओझं उचलणारी पन्नाशीची शिंपीण! या खेपेला डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं की आता पुन्हा सुरू झालं तर यकृत साथ देणार नाही.

"जेवण धड नाही का? कुणी काही बोललं का?"

"तसं काही नाही गं. चार ते सहा. सकाळी कामं असतात, बैठका असतात. चार ते सहा काहीच नसतं. फोन नाही, टीव्ही नाही. सात माणसं सात खाटांवर बसून भिंतीकडे बघतात, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच. शनिवारच्या त्या खेळाचे नियम हाताशी असते तर बसवलं असतं सगळ्यांना. पण ते सगळं नेटवर. जाऊ दे. रविवारी ये न्यायला."

आणि फोन बंद.

आता हा खेळ काय ते सांगायला हवं, कारण ताईलाही तो कधी नीट कळला नव्हता. चार-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो: तुम्ही जंगलात आहात, समोर गुहा आहे. बाकीचे कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी तिरंदाज होऊन सांगतात, मी असं करतो. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. धाकटा वायरमन होता, पण शनिवारी संध्याकाळी तो सूत्रधार असायचा. कॉम्प्युटरसमोर बसून लांबच्या चार मित्रांबरोबर तासन् तास बडबडायचा आणि ताई म्हणायची, "वय काय, करतोस काय!" आता तिला आठवलं की शनिवारी तो पीत नसे. पुढे मित्र पांगले, खेळ मोडला, आणि शनिवारही बाकीच्या वारांसारखे झाले.

तिने बाही बाजूला ठेवली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर खेळाच्या नियमांची आख्खी वेबसाइट होती, तीही फुकट.

छापण्याचं तिला नवल नव्हतं. कपड्यांचे नमुने ती नेटवरूनच उतरवायची आणि स्वतःच्या प्रिंटरवर छापायची. त्यात तिचे दोन नियम होते. माप शंभर टक्के, एक टक्काही कमी नाही; पाच टक्के घटले तरी छातीला बेचाळीस म्हणून बेतलेला शर्ट चाळीसवाल्याला होतो. आणि मागची छटा, म्हणजे पानाचा रंग, छापायचीच, नाहीतर अस्तराच्या फिक्या रेषा उमटत नाहीत. डोळे मिटून तिने हे दोन्ही तसंच ठेवलं आणि बटण दाबलं.

वेबसाइट होती काळीकुट्ट. काळ्यावर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात पेटत्या मशाली. प्रिंटरने इमानेइतबारे सगळी रात्र कागदावर उतरवली आणि अकराव्या पानाला मान टाकली. शाई संपली! ताईने त्याला, वेबसाइटला आणि ती बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना नावं ठेवली, नवीन शाई आणली आणि छटा बंद केली. आता पानं पांढरी आली. चौसष्ट पानं. प्रत्येक पानावर तीच यादी, तीच शोधण्याची चौकट, पण असू दे म्हणाली. पिना मारल्या, बाजारातून वीस बाजूंचे सहा फासे घेतले आणि शुक्रवारी दुपारी केंद्राच्या फाटकावर हजर झाली.

आत जाणारी प्रत्येक वस्तू मेट्रनबाई तपासायच्या. चष्मा नाकावर, बोट जिभेला लावून एकेक पान. नवव्या पानाला त्या थांबल्या आणि पान ताईच्या समोर धरलं.

कडेला जाहिरात छापून आली होती. ग्लास, त्यात बर्फ, आणि खाली ठळक अक्षरांत: संध्याकाळ साजरी करा.

"वाचलंत?" मेट्रनबाई म्हणाल्या.

ताईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने पानं मोजली होती, लावली होती, पिना मारल्या होत्या. बघितली नव्हती.

"चुकून आली हो. पान छापलं की कडेचं सगळं येतं."

"माझ्याकडे सात माणसं आहेत. एकाला जरी त्या ग्लासचा वास आला ना, तर बाकीच्यांनाही येतो." त्यांनी फासे उचलले. "हे जुगारात मोडतं. पिना चालत नाहीत. आणि हे काय? पहारेकऱ्याची नजर चुकवून कोठडीतून कसं निसटावं?"

"ते राक्षसाच्या कोठडीतून."

"इथल्या मंडळींना राक्षस म्हणजे मीच." त्या हसल्या नाहीत. त्यांनी एक तक्ता पुढे केला. "शिवाय हा अर्धाच आहे. उजवीकडचे आकडे कुठेत?"

ताईने बघितलं. प्रत्येक तक्त्याची उजवी कड कागदाबाहेर गेली होती. "मी शंभर टक्के मापाने छापते," ती पुटपुटली.

"का? राक्षसाला शर्ट शिवायचाय?"

ताई गठ्ठा काखोटीला मारून परत निघाली. वाटेत एका बाकावर बसून तिने सगळी पानं नीट वाचली, पहिल्यांदाच. आणखी एक घोळ सापडला. "जखमी झाल्यास", "वैद्याचे उपचार", "मित्राला वाचवणे" अशी नुसती शीर्षकं होती आणि त्याखाली काहीच नाही. वेबसाइटवर ती शीर्षकं दाबल्यावर उघडत होती. न उघडता छापली तर मजकूर आतच राहतो. म्हणजे मारामारीचे सगळे नियम आले होते आणि वाचवायचे एकही नाही. तिला स्वतःचाच संताप आला. भावाला चार ओळी धड छापून देता येत नाहीत, आणि म्हणे मोठी बहीण!

शनिवारी सकाळी दुकानाच्या दारावर तिने "आज बंद" लावलं. कोटवाला दोनदा दार वाजवून गेला, तर आतूनच ओरडली, "सोमवारी! थंडी कुठे पळून जात नाही!"

मग ती कापड बेतावं तशी कामाला लागली. आधी एकेक शीर्षक दाबून उघडलं, छत्तीस होती. मग ब्राउझरमध्ये नुसतं वाचायचं पान दाखवायची सोय असते ती शोधली. ती दाबल्याबरोबर मशाली गेल्या, यादी गेली, ग्लास गेला, अक्षरं तेवढी उरली. तिला म्हणावंसं वाटलं, अगं बये, तू आधी कुठे होतीस? एक तक्ता मात्र या पानात येईचना, तो तिने हाताने लिहिला, आकडा आकडा ताडून. आणि मग, काळजावर दगड ठेवून, माप शंभरवरून ऐंशीवर आणलं. आयुष्यात पहिल्यांदा. एक पान छापलं, खिडकीशी नेऊन चारही कडा बघितल्या, आणि मगच बाकीची छापली. सव्वीस पानं झाली.

प्रत्येक पान तिने बोट लावून वाचलं. वाचता वाचता खेळ कळायला लागला. वैद्याला दिवसातून तीनदाच जखम भरता येते हे वाचून तिला त्या वैद्याची दया आली.

पिना नकोत, तर तिने सगळी पानं एकावर एक नीट लावली, मशीनची सुई बदलली आणि डाव्या कडेवरून जाड दोऱ्याने शिलाई मारली. छान वही झाली. फासे नकोत, तर बरणीतली वीस एकसारखी बटणं काढली, पक्क्या शाईने त्यांवर एक ते वीस आकडे घातले आणि अस्तराच्या तुकड्याची नाडीची पिशवी शिवली. हात घालायचा, एक बटण काढायचं, आकडा बघायचा, परत टाकायचं. कोठडीतून निसटायचं पान काढावं की ठेवावं यावर ती बराच वेळ अडली. शेवटी ठेवलं. अर्धवट काही द्यायचं नाही असं तिने कालच ठरवलं होतं.

तीन वाजता मेट्रनबाईंनी वही हातात घेतली. शिलाई ओढून बघितली. पिशवीत हात घालून एक बटण काढलं, चौदा आलं, परत टाकलं. पानं उलटत त्या कोठडीच्या पानावर आल्या आणि तिथे बराच वेळ वाचत उभ्या राहिल्या.

"बघते," त्या म्हणाल्या. "वाचून ठरवते." आणि वही घेऊन आत गेल्या.

देतील की नाही, काही पत्ता नाही. रविवारी चारला भेटीची वेळ सुरू व्हायची. ताई पावणेचारलाच पोचली. भेटीच्या खोलीत बाकं होती आणि बाकांवर आधीच कुणाची बायको, कुणाची आई, कुणाचे वडील बसले होते. चार वाजले. सव्वाचार. आतून कुणीच आलं नाही. साडेचारला एका बायकोने कुजबुजत विचारलं, "काही झालंय का हो?" आणि ताईला एकच वाटलं. गेला. सही करून सकाळीच गेला, आणि आपण इथे बाकावर बसलोय. ती उठून आतल्या दाराशी गेली आणि तिथे मेट्रनबाई उभ्या होत्या.

"माझा भाऊ... गेला का?"

"गेलाय ना," मेट्रनबाई म्हणाल्या. "गुहेत. सातही जण. मी भेटीची हाक दिली तर मलाच म्हणाले, पाच मिनिटं, वैद्य पाण्यात पडलाय."

ताईचा जीव भांड्यात पडला.

"आजचा दिवस," मेट्रनबाई जरा कडक होऊन म्हणाल्या. "पुढच्या रविवारपासून भेटीच्या आधी संपवायचं." आणि दार अर्धवट उघडंच ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या. आतून आवाज येत होता. ओरडणं, हसणं, मग एकदम शांतता, आणि त्या शांततेत धाकट्याचा आवाज, गोष्ट सांगतानाचा. ताईने तो दोन वर्षांत ऐकला नव्हता. बाकीच्या बाया आणि एक म्हातारे वडीलही उठून हळूहळू दाराशी आले. कुणीच कुणाला हाक मारली नाही.

सव्वापाचला धाकटा बाहेर आला. केस विस्कटलेले, कानामागे पेन्सिल.

"ताई! किती वेळ झाला येऊन? अगं, नव्याण्णव टक्के मेला होता वैद्य, आणि त्या मुक्या आजोबांनी, ते इथे कुणाशी बोलतच नाहीत, त्यांनी बटण काढलं तर वीस! वीस, ताई!"

"बस आधी. पाणी पी."

तो बसला, पण स्वस्थ कुठे बसतोय! "त्या वहीत खेळाच्या तिसऱ्या पातळीपर्यंतच आहे. पुढचे नियम छापून आण. आणि आणखी एक पिशवी, बायकांच्या वॉर्डातूनही विचारताहेत. बुधवारी फोनवर सांगतो काय काय ते."

ताईने त्याच्याकडे बघितलं. विचारायची भीती वाटत होती, पण न विचारता राहवेना. "अरे, तू आज घरी येणार होतास ना?"

धाकट्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू वेड तिलाच लागलंय.

"आज? आज कसा येऊ? सगळे गुहेत अडकलेत, आणि बाहेरचा रस्ता फक्त मला माहितीये."

ताईला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदमच बाहेर पडलं. तिने पदराने नाक पुसलं, पर्समधून मापाची वही काढली आणि म्हणाली, "सांग, कितव्या पातळीपासून छापू?"