भिंतीकडे तोंड करणारी रांग

मित्रांनो, मी एक जुनी तांदळाची पेटी आहे. आचऱ्याच्या अलीकडे खाडीकाठी एक लहानशी इगर्ज आहे. तुम्ही तिला चर्च म्हणाल. तिथे बाजूच्या दाराआड माझी जागा आहे. सुरुवातीलाच एक कबूल करून टाकते. माझा स्वभाव मत्सरी आहे. इतकी वर्षं देवाच्या घरात राहूनही तो सुटला नाही, आणि माझं वय बघता आता सुटेल असंही वाटत नाही.

हा मत्सर जन्मापासूनचा. इगर्जीच्या आवारात एक फणस होता. तो पाडला तेव्हा गणपत सुताराने त्याच्या लांब, सरळ फळ्या निवडून वेदी घडवली आणि उरल्यासुरल्या तुकड्यांची मला केली. एकाच बुंध्यातल्या आम्ही दोघी. तिला सोनेरी वर्ख लागला, फुलं मिळाली, मेणबत्त्या मिळाल्या. मला मिळाले चार बुटके पाय आणि पुढच्या अंगाला हात जाईल एवढं गोल भोक. त्या भोकाला तेव्हाच्या पाद्रींनी आपल्या जुन्या काळ्या झग्याची बाही खिळ्यांनी ठोकून दिली. माझा दागिना म्हणाल तर तेवढाच.

त्या बाहीला मात्र कारण होतं. आमच्याकडे बायका भाताला तांदूळ मोजून घेतात तेव्हा त्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवतात. आठवडाभराच्या मुठी पिशवीत भरून रविवारी मिसेला, म्हणजे इगर्जीतल्या उपासनेला, आणतात. मिसा संपली की सगळ्यांनी माझ्यापाशी रांगेने यायचं. ज्याच्या घरात आहे त्याने बाहीतून हात घालून तांदूळ आत ओतायचे. ज्याच्या घरात नाही त्यानेही तसाच हात घालायचा आणि पिशवी भरून घ्यायची. रांगेतल्या पुढच्या माणसाची पाळी आली की मागच्याने भिंतीकडे तोंड करायचं आणि येशूने शिकवलेली 'आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा म्हणायची. प्रार्थना संपेपर्यंतचा वेळ पुढच्याचा. त्याने काय केलं, हे कोणी बघायचं नाही आणि बाहेर पडल्यावर विचारायचं तर मुळीच नाही.

ते पाद्री म्हणत, दान करताना आपल्याच दुसऱ्या हातालाही पत्ता लागू द्यायचा नाही, असं येशूने सांगितलंय. मग घेणाऱ्याचा पत्ता तरी लोकांना का लागावा?

तर अशी मी सगळ्यांचे हात ओळखणारी. चेहरे मला दिसत नसत, कारण मी कोपऱ्यात. पण हात ओळखत असे. जाळं ओढून चिरे पडलेले हात, सुक्या बांगड्याचा वास मारणारे हात, अंगठीवाले हात. शेजारच्या वाडीतली बाबली मासे विकते. तिच्या अंगणात तुळस आहे, तरी रविवारी टोपली बाहेर ठेवून तीही रांगेत उभी राहते. ठेवायला की घ्यायला, ते मला विचारू नका.

एवढा मान असूनही माझं मन भरत नव्हतं, कारण मीच कधी भरत नव्हते. सकाळी पडलेले तांदूळ दुपारपर्यंत अर्धे व्हायचे. कधी तर तळ लागायचा. तिकडे वेदी बाराही महिने नटलेली. कधीतरी मलाही काठोकाठ भरलेलं लोकांनी बघावं आणि 'काय सुंदर' म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती.

चार वर्षांपूर्वी विल्सन गावी परतला. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर नोकरी करण्यात गेलेली. खाडीकडे तोंड करून त्याने दुमजली घर बांधलं आणि म्हाताऱ्या आईला, कार्मेलीनला, तिथे आणलं. माणूस वाईट नाही. गावासाठी काहीतरी करावं असं त्याला मनापासून वाटत होतं. नवे फादरही तरुण आणि उत्साही. दोघांनी विचार करून माझ्या जागी काचेची पेटी आणली. पुरुषभर उंच, पितळी कडांची, आत दिवा. ती दाराआड नव्हे, थेट वेदीच्या शेजारी ठेवली.

"गरिबांचे तांदूळ कसे वाढत जातात हे लोकांना दिसलं की आणखी देतील," फादर म्हणाले. "आणि ज्यांना गरज आहे त्यांनी माझ्या ऑफिसात येऊन वहीत नाव लिहावं. म्हणजे योग्य माणसाला मिळेल."

बाबली ती पेटी बघून हळूच म्हणाली, "ह्या तर सोनाराच्या दुकानातला कपाट वाटता गो."

मला उचलून बाजूच्या खोलीत टाकलं. माझ्या पोटात मेणबत्त्यांचे तुकडे आणि नाताळच्या गोठ्याचं गवत कोंबलं. दार उघडं असलं की मला काचेची पेटी समोरच दिसे. आणि ती भरत चालली होती, मित्रांनो. एक वीत, दोन वीत, हातभर. लोक तिच्याकडे बघून मुठीऐवजी किलोकिलोच्या पिशव्या ओतू लागले. लग्नाचे फोटोसुद्धा तिच्यापुढे उभं राहून काढले. माझा नुसता जळफळाट झाला. एकदा दिव्याच्या उबेने तिच्यातल्या तांदळात किडे झाले, तेव्हा मला झालेला आनंद सांगायलाही लाज वाटते. विल्सनने दुसऱ्याच दिवशी तांदूळ बदलून दिले.

या सगळ्यात मी एकदाही स्वतःला विचारलं नाही, की ती एवढी भरते कशी? मत्सर डोळे असे झाकतो.

ते मला दुल्सीनमुळे कळलं. हे तिचं खरं नाव नाही. मी बदललंय, तेव्हा शोधायला जाऊ नका. दुल्सीन जाळी दुरुस्त करते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की तिचं काम थांबतं. घरात ती आणि शाळेत जाणारी नात. काचेची पेटी येण्याआधीचे तीन पावसाळे त्या दोघींनी माझ्यातले तांदूळ खाल्ले होते. तिच्या तर्जनीला जाळ्याच्या सुईने पडलेला घट्टा मी अंधारातही ओळखते.

काचेची पेटी आल्यानंतरच्या पहिल्या जुलैत ती रांगेत दिसली, त्या बोटावरूनच ओळखली. आता ही सगळ्यांसमोर कशी घेणार? मागचा माणूस भिंतीकडे तोंड करत नव्हता, कारण वेदीपाशी भिंतच नव्हती. सगळे पेटीकडेच बघत होते. दुल्सीन पुढे झाली. तिने पदराखालून पिशवी काढली, क्षणभर थांबली आणि पिशवी पेटीत रिकामी केली.

मूठ दीड मूठ असतील. लाल उकड्या तांदळाच्या ढिगावर रेशनचे पांढरे, तुटके दाणे पडले ते सगळ्यांना दिसले. कोणीतरी मागे हसलं. दुल्सीनने रिकामी पिशवी घडी घालून पुन्हा पदराखाली ठेवली आणि ती निघून गेली. घ्यायची गरज असलेली बाई, लोकांना कळू नये म्हणून, घरात होतं नव्हतं ते टाकून गेली. मला तिच्यासाठी रडायला आलं. आणि तेव्हा कुठे माझ्या लाकडी डोक्यात शिरलं, की काचेची पेटी भरत होती कारण तिच्यातून कोणी घेतच नव्हतं. फादरांच्या वहीतही कोणी नाव लिहिलं नव्हतं.

पहिल्या बाकावर बसलेली कार्मेलीन त्या पांढऱ्या दाण्यांकडे लोक पांगेपर्यंत बघत होती. विल्सनने दोनदा हाक मारली तेव्हा उठली.

पुढच्या रविवारी फादरांनी येशूची एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंत शेतकऱ्याला पीक फार आलं. त्याने जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवलं, आणि त्याच रात्री देवाने त्याचा प्राण परत मागितला. मग फादर काचेच्या पेटीकडे हात करून म्हणाले, "आपण मात्र आपलं कोठार गरिबांसाठी भरलं आहे."

"विल्सन, माका हात दी रे. उठाचा आसा," कार्मेलीन म्हणाली. ती उभी राहिली आणि लोकांकडे वळली. "मोठा कोठार भरला, ता खरा फादर. पण खाल्लान कोणी?"



"विल्सन पोटात होतो तेव्हा ह्येचो बापूस दर्यात गेलो तो परत येवक नाय," ती म्हणाली. "नऊ वर्सां मी त्या फणसाच्या पेटीतले तांदूळ घेतलंय. दर रविवारी. तेव्हा हयसर काच असती, तर मी हात घातलो नसतो. मगे तू खंय वाढतलो होतंस रे?"

विल्सनचा चेहरा उतरला. "मांय, तू माका कधी सांगूक नाय."

"सांगूचा नसताच. म्हणान तर लोकां भिंतीकडे तोंड करीत."

तिने दुल्सीनकडे एकदाही बघितलं नाही. मी नीट लक्ष ठेवून होते. जे काही उघडं केलं, ते म्हातारीने स्वतःचंच केलं. त्या नऊ वर्षांचं गुपित मी तेव्हापासून जपलं होतं. मत्सराच्या भरात ते ओरडून सांगावं असं मला कितीदा वाटलं होतं, विल्सनची मान खाली जावी म्हणून. तिने तेच सांगितलं, पण ते दुसऱ्या बाईचं घर चालावं म्हणून. मी ओशाळले.

त्याच दिवशी विल्सनने माझ्या पोटातलं गवत काढलं, मला पुसलं आणि उचलून दाराआड जुन्या जागी नेलं. काचेच्या पेटीतले तांदूळ घमेल्याने माझ्यात ओतले. मी पहिल्यांदाच काठोकाठ भरले, आणि बघायला कोणी नव्हतं.

रांग लागली. दुल्सीन पुढे होती, तिच्या मागे विल्सन. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. बाहीतून घट्टा पडलेला हात आत आला.

काचेची पेटी अजून वेदीशेजारी आहे. आता तिच्यात प्रार्थनेची पुस्तकं ठेवतात. सकाळी तिच्यावर ऊन पडतं आणि ती झगमगते, तेव्हा मी आजही जळते. पण मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी पेटी असेल, तर ती किती भरली हे वाकून बघू नका. रिकामी दिसली तर हळहळू नका, मूठभर टाका. आणि तुमच्या पुढे कोणी उभं असेल तेव्हा तोंड फिरवायला शिका.

त्या रविवारी विल्सनची प्रार्थना संपली तरी दुल्सीनचा हात आतच होता. मग त्याने, भिंतीकडे बघतच, ती पहिल्यापासून पुन्हा म्हटली.