आजही खबर नाही

थांबलात? बरं केलंत. आर्वीची बस यायला अजून वेळ आहे, आणि हल्ली माझ्यासमोर कोणी थांबत नाही. सगळ्यांच्या माना खाली, हातातल्या मोबाइलमध्ये. मी तळेगावच्या वाचनालयाच्या भिंतीवरचा फळा बोलतोय.

माझा जन्म उरल्यासुरल्याचा. वाचनालयाच्या कपाटासाठी साग आणला होता. त्यातल्या चार फळ्या उरल्या, त्या सुतारानं जोडल्या, काळा रंग दिला आणि डोक्यावर टिनाचं छप्पर ठोकलं. वर पांढऱ्या रंगात 'आजच्या बातम्या' असं लिहिलं. ते अक्षर तेवढं अजून पक्कं आहे, बाकी माझं सगळंच पुसलं गेलंय.

मला सांभाळलं ते अण्णाजींनी. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले आणि वाचनालयाच्या किल्ल्या त्यांच्याकडे आल्या. पेपर आला की चष्मा कपाळावर चढवून वाचायचे, मग नाकावर उतरवून माझ्यावर लिहायचे. डावीकडे देश-परदेश, उजवीकडे गाव. विजेची लाइन कधी जाणार, नळ कधी येणार, कपाशीचा भाव, कोणाची बकरी हरवली. डावीकडचं वाचून लोक हसायचे, भांडायचे. उजवीकडचं मात्र मुकाट्यानं खरं मानायचे. तिथं चूक झाली तर अण्णाजींना लोक घरी जाऊन बोलत.

एक रीत होती. गावात कोणी वारलं तर मला पाण्यानं पूर्ण धुवायचे. कपाशीचा भाव नाही, देश नाही, परदेश नाही. मधोमध गेलेल्याचं एकट्याचं नाव आणि तिरडी किती वाजता निघणार ते. गेलेल्या माणसाशेजारी दुसरी बातमी नको, असं अण्णाजी म्हणत. त्यामुळे शेतात जाणाऱ्या बाया लांबूनच मला बघून घ्यायच्या. सकाळी मी ओला, काळाभोर दिसलो की पाऊल आपोआप हळू व्हायचं.

मग तिकडे आखातात लढाई सुरू झाली.

तुम्ही म्हणाल, आखाताचं आणि या गावाचं काय? नलूबाईचा ऋतिक तिकडे होता. आयटीआयमधून वेल्डर झाला आणि त्याआधीच्या पोळ्यानंतर एका बंदराजवळच्या कारखान्यात कामाला गेला. नलूबाईचा नवरा कधीचाच वारलेला. मायलेक दोघंच. पोरगा गेल्यापासून ती घरात एकटीच बोलते असं शेजारणी म्हणायच्या. ती माझ्यासमोरून जाताना मीही ऐकलंय. भाजी खारट झाली, रे बाबू, असलं काहीतरी.

समोर मुकेशच्या चहाच्या टपरीवर टीव्ही आहे. लढाई लागली आणि त्या टीव्हीला जणू वारं भरलं. नकाशावर बाण धावायचे, कोट घातलेली माणसं एकमेकांवर ओरडायची, आणि रोज संध्याकाळी कोणीतरी सांगायचं की आता शेवटचे दोन दिवस. पेपरातही तेच. अण्णाजी तेच माझ्या डावीकडे उतरवायचे: युद्ध दोन दिवसांत संपणार. दोन दिवसांनी पुसून पुन्हा तेच. शेवटी शेवटी ते पुसण्याचा त्रासही घेईनासे झाले.

बाकावर बसणारे रूपराव भारी खवट. ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णाजी, हे युद्ध का तुमची एसटी हाये? दहा मिनिटात सुटते म्हनते, अन् जागची हालत नाई."

टपरीवर हशा पिकला. अण्णाजीही हसले, पण त्यांचा हात माझ्यावर जरा जास्त दाबला गेला आणि खडू मोडला. पुढे पुढे कोणी वाचायला आलं की आधी हसायचं आणि मग वाचायचं. जिंकत आले म्हणतात, मग गॅस काऊन मिळून नाई राह्यला, असं बाया विचारायच्या. त्याचं उत्तर ना टीव्हीकडे होतं, ना पेपरात. गावाचा विश्वास उडाला तो असा, चेष्टा करता करता.

नलूबाई मात्र हसत नव्हती. ऋतिकचा फोन आला तेव्हा ती टपरीजवळच होती. कानाला लावून उभी राहिली. फोन झाल्यावर अण्णाजींनी विचारलं, काय म्हणतो? ती म्हणाली, "सगळं ठीक हाये म्हनते. टीव्हीवानीच बोलला." लहानपणी गुडघा फोडून यायचा तेव्हाही तो 'काही नाई झालं' म्हणायचा, असं तिनं सांगितलं, आणि घरी गेली. त्यानंतर फोन आला नाही. लागलाही नाही. सरकारच्या चौकशीच्या नंबरवर आधी गाणं वाजायचं आणि मग कोणीतरी बाई नाव लिहून घ्यायची. ती रोज नव्यानं लिहून घ्यायची.

एका सकाळी पेपरात आलं: सर्व भारतीय सुखरूप. अण्णाजींनी ते केवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं म्हणून सांगू! नलूबाईला लांबून दिसावं म्हणून. ती आली. तिसरीपर्यंत शिकलेली, अक्षराला अक्षर लावून वाचलं.

"सर्व म्हन्जे माहा ऋतिक बी?" तिनं विचारलं.

अण्णाजी म्हणाले, पेपरात आलंय ना.

"पेपरले ऋतिक माईत हाये का?"

तिनं रागानं नाही विचारलं. खरंच विचारलं. अण्णाजींनी खडू खाली ठेवला. ते दिवसभर वाचनालयाच्या पायरीवर बसून राहिले. संध्याकाळी रूपरावांना एवढंच म्हणाले, की तीस वर्षं कंडक्टरकी केली, पण जिथं गाडी जात नाही तिथलं तिकीट कधी कोणाला फाडून दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, बादलीभर पाणी आणलं आणि मला धुतलं. डावीकडून उजवीकडे, पार कोपऱ्यापर्यंत. जे आपल्याला माहीत नाही ते आजपासून लिहायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. भला माणूस. पण भल्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी रीत आली नाही. मला आठवली. माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं असतं तर मी ओरडलो असतो.

नलूबाई शेतात निंदायला निघाली होती. हातात डबा, सोबत तानाबाई. लांबून तिनं मला पाहिलं. ओला. काळाभोर. रिकामा. आणि समोर अण्णाजी, हातात खडू, काहीच न लिहिता उभे.

ती रस्त्यातच खाली बसली. डबा घरंगळत नालीपर्यंत गेला. "कोन?" एवढंच म्हणाली. तानाबाई तिला धरत होती. टपरीवरचे लोक उठले. सगळ्यांना एकच नाव सुचलं होतं.

अण्णाजींच्या तेव्हा ध्यानात आलं. तसेच अनवाणी धावले. "नलू, कोनी नाई गेलं गं. म्या काहीच लिहिलं नाई. नुसता धुतला."

तिनं विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? इतके दिवस लढाईचं चांगलं तेवढंच सांगत आलेल्या फळ्याचा तो माणूस. ती म्हणाली, "खरं सांगा. मी ऐकतो."

आमच्याकडे बायाही असंच बोलतात, ऐकतो, जातो. पण त्या दिवशी ते ऐकून माझ्या फळ्यांचे सांधे दुखले.

अण्णाजी माझ्याकडे परत आले. त्यांनी मधोमध लिहिलं: ऋतिकची खबर नाही.

नलूबाई तानाबाईच्या आधारानं उठली, जवळ आली. अक्षराला अक्षर लावलं. बोट फिरवलं, खडू बोटाला लागला. मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडता ती म्हणाली, "हो. हे खरं हाये."

त्या दिवसापासून अण्णाजी रोज तेवढंच लिहायचे. आजही खबर नाही. ते वाचून कोणी हसलं नाही. रूपराव काठी टेकत यायचे, वाचायचे आणि मुकाट बाकावर जाऊन बसायचे. मुकेशनं टीव्हीचा आवाज कमी केला. बाजाराच्या दिवशी परगावचे लोक विचारायचे, कोण हा ऋतिक? आणि कोणीतरी सांगायचं. माझ्या आयुष्यात मला एवढं मन लावून कोणी वाचलं नव्हतं.

मग लढाई संपली. म्हणजे टीव्ही म्हणाला संपली. पोरांनी फटाके फोडले, मुकेशनं फुकट चहा पाजला. दोघा-तिघांनी माझ्यावरची ओळ पुसली आणि रंगीत खडूंनी लिहिलं: युद्ध संपलं! मोठा विजय! कोणाचा विजय ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं, पण आनंद खराच होता. त्यांना बोल लावावा असं मला वाटत नाही.

नलूबाई आली तेव्हा त्यांनी तिला पेढा दिला. तिनं तो घेतला, पदराच्या टोकाला बांधला. मग अण्णाजींच्या हातातून खडू घेतला. पोरांनी लिहिलेलं तिनं काही पुसलं नाही. खाली उरलेल्या जागेत, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: ऋतिक आला नाही.

"माह्या घरचं नाई संपलं," ती पोरांना म्हणाली. मुकेशनं जाऊन टीव्ही बंद केला.

आता अण्णाजी लेकीकडे वर्ध्याला राहतात, डोळ्यांना दिसत नाही. वाचनालय बंदच असतं. टीव्हीला दुसरं काहीतरी मिळालंय. रंगीत खडू पावसाच्या ओलीनं कधीच गेला. माझ्याकडे येते ती फक्त नलूबाई. शेतावर जाताना कालची ओळ पदरानं पुसते आणि तीच ओळ पुन्हा लिहिते. तानाबाईनं एकदा विचारलं, तेच तर लिहायचं, मग पुसतेस काऊन? ती म्हणाली, "कालचं कालचं हाये. आजचं आज लिहा लागते."

लिहून झालं की ती जरा माझ्याजवळ थांबते. मग जाते, आणि उद्यापर्यंत मला कोणी नसतं.

तुमची बस आली बघा. जाता जाता एक करा. तुम्ही मोठ्या गावात जाता, तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटतात. आखातातून परतलेला कोणी भेटला, वेल्डिंगचं काम करणारा, उजव्या भुवईवर जुनी खूण असलेला, तर त्याला तळेगावचा आहेस का विचारा. आणि काही कळलं, बरं किंवा वाईट, तर माझ्यावर लिहायला थांबू नका. मारुतीच्या देवळामागे निळ्या दाराचं घर आहे. आधी तिथं जा, आणि तिला बसवून, हळू आवाजात, खरं असेल तेवढंच सांगा. मला नंतर कळलं तरी चालेल.