कुरव हजर

निसर्ग माणसाला संकटाची चाहूल आधीच देतो, असं थोर लोक सांगून गेलेत. आमच्या बर्फ कारखान्याने ते फारच मनावर घेतलं. अमोनियाची गळती ओळखणारं यंत्र बंद पडलं, दुरुस्तीचा अर्ज वर गेला तो वरच राहिला, आणि ती जबाबदारी गच्चीवरच्या कुरव, म्हणजे सीगल, पक्ष्यांवर येऊन पडली.

त्यांनी नुकतीच तिथल्या खडीत अंडी घातली होती. पांढरं डोकं, राखाडी पाठ, पिवळ्या चोचीवर लाल ठिपका. पिल्लांनी त्या ठिपक्यावर टोचलं की आईबाप गिळलेले मासे ओकून देतात. जवळ जाणाऱ्याच्या टाळक्यावर झडप ठरलेली. मोठे मिस्त्री रोज डोक्यावर घमेलं धरून वर जात, मार खात आणि खाली येऊन नोंदवहीत लिहीत, "कुरव हजर. गळती नाही."

दोन-अडीच महिने असंच चाललं. मग एका मंगळवारी कोणीच झडप घातली नाही. गच्ची रिकामी. पिसं खडीवरून सरकत होती. कंडेन्सरचा पंखा इतका मोठ्याने कधी ऐकू आला नव्हता. खाली पॅकिंगच्या हॉलमध्ये चाळीस बायका मासे भरत होत्या. त्यांतली एक मिस्त्रींची बायको.

"वास येतोय का?" साहेबांनी फोनवर विचारलं.

"चोवीस वर्षं अमोनियात काढली, साहेब. मला घरचा जळका भातसुद्धा कळत नाही."

"खाली कोणाला?"

"खाली माशांपुढे दुसऱ्या वासाची काय टाप!"

"सत्तर बोटींचा माल आहे, मिस्त्री. उगाच बंद केलंत तर कायमचे घरी बसाल."

मिस्त्रींनी फोन ठेवला आणि मेन स्विच खाली ओढला.

बायका रस्त्यावर आल्या. एकीला मळमळलं, लगेच नऊजणींना मळमळलं. आकाशात एकही पंख नव्हता.

"अहो, झालं काय?" बायकोने विचारलं.

"पक्षी गेले."

"आणि पाठोपाठ तुमची नोकरी?"

"तू आत होतीस."

 ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

अग्निशमनवाले मुखवटे चढवून आत गेले. दुपारपर्यंत दाराखालून वितळलेल्या बर्फाचं गुलाबी पाणी रस्त्यावर आलं. मग त्यांचा अधिकारी मुखवटा काढत बाहेर आला. गळती कुठेच नव्हती.

मिस्त्रींना शुक्रवारी काढलं. पिल्लं उडायला लागली की कुरव घरटी सोडून समुद्रावर जातात.