मालकाला वीस, नोकराला दहा

मानपाड्याला माझी बिल्डिंग आहे, माझ्या नवऱ्याच्या, काळुरामच्या नावाची. खाली आमची भाताची जमीन होती, वर आता चार माळे. भाडेकरूनी भिंतीत खिळा ठोकायचा तरी मला विचारून. घरी चहाला आला तर त्याचा कप वेगळा, कान तुटलेला, जिन्याच्या खिडकीत पालथा ठेवलेला. साईनाथ त्याच कपात प्यायचा.

साईनाथ म्हणजे तळमाळ्यावर भाड्यानं राहणाऱ्या रखमाबाईचा मुलगा, देवगडकडचा, तिशी उलटलेला. माझ्या नातवाकडे, नयनकडे पगारावर होता. गच्चीवरच्या खोलीत नयनचं कंप्युटरवरचं दुकान. मला सांगितलेलं की स्टिकरचं आहे. नखाएवढे रंगीत कागद, साईनाथ पाकिटात भरून कुरिअरला द्यायचा. ते जिभेवर ठेवून पोरं वेडी होतात, आणि देशभरची पोरं ते नयनच्या चोरट्या दुकानातून मागवतात, हे मला पोलिसांनी सांगितलं, गच्चीचं दार तोडल्यावर.

दोघं दोन वर्षं आत. मग आमचा वकील गुरुदत्त घरी आला.

"आजी, एवढ्या मालाला दहा वर्षांच्या खाली शिक्षाच नाही. वीसपर्यंत जाते. तुम्ही कोर्टात एवढंच सांगायचं. खोली साईनाथला भाड्यानं दिलेली, सामान त्याचं, नयनचा काही संबंध नाही."

माझी सून दर्शना, नयनची आई, दारात उभी होती. "आणि साईनाथचं काय, आई?"

"त्याच्यासाठी तू रड. खालून रखमाबाईला बोलव सोबतीला."

ठाण्याच्या कोर्टात मी इस्त्रीचं लुगडं नेसून, गळाभर सोनं घालून गेलेली. शिकवलेलं सगळं नीट बोलले. साईनाथ नयनच्या बाजूला उभा होता, माझं ऐकून पांढरा पडला. मग सरकारी वकील उठली, वैशाली म्हणून, काडीसारखी पोरगी.

"आजी, वर एसी कुणी बसवला?"

"साईनाथनी."

"तुमच्या घरात आहे एसी?"

"नाय."

"म्हणजे भाडेकरू थंड हवेत आणि मालकीणबाई पंख्याखाली?"

मागे कुणीतरी हसलं.

"तीन कंप्युटर, तेही साईनाथचे?"

"त्याचेच."

"पण शेजारी सांगतात, नयन रोज वर जायचा. दिवसभर तिथंच असायचा. मग तो काय साईनाथच्या हाताखाली होता?" ती माझ्या सोन्याकडे बघत होती. "काळुरामशेठचा नातू, भाडेकरूचा गडी?"

मागे परत हसले.

"कोण गडी?" मी कठडा धरला. "ए पोरी, तोंड सांभाळ! माझा नयन कुणाचा गडी नाय. ह्या भिकारड्याच्या सात पिढ्यांनी एसी बघितला नाय. खोली माझ्या नातवाची, कंप्युटर त्याचे, दुकान त्याचं! हा साईनाथ पाकिटं चिकटवायचा पगारावर, आणि चहा माझ्या फुटक्या कपात प्यायचा!"

गुरुदत्तनी डोळे मिटून घेतले. "झालं माझं," वैशाली बोलली आणि बसली. टाइप करणारा मात्र मी गप्प झाल्यावरही बराच वेळ टपटपत होता.

नयनला वीस वर्षं. साईनाथला दहा.

निकालाच्या दिवशी रखमाबाई मला जिन्यात आडवी आली. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं हात जोडले. "मावशी, तुमचे उपकार. तुम्ही शिकवलेलंच बोलला असता तर वीस माझ्या घरी आले असते."

"महिनाअखेर खोली खाली कर," मी बोलले.

हळदीला, बारशाला बायका अजून नयनचं विचारतात. मी मान खाली घालत नाय. मालकाला वीस, नोकराला दहा, असं तोंडावर सांगते.

गेल्या सोमवारी कल्याणच्या जेलात भेटीला गेलेली. काचेपलीकडे नयन, दोघांच्या कानाला फोन. केस बारीक कापलेले, गाल आत गेलेले.

"आजी, सुटेन तेव्हा चव्वेचाळीसचा असेन."

"मग काय म्हातारा होतोस? तुझा आजोबा चव्वेचाळीसला नांगर धरायचा."

"तू मेलेली असशील."

"असेन."

"तेवढंच बरंय," तो बोलला. "परत येऊ नको." वेळ उरलेला, तरी फोन ठेवला. पाठमोरा उभा राहिला शिपाई येईपर्यंत.

घरी आले. दर्शना ओट्याशी होती. निकालापासून माझ्याशी एक शब्द नाही. त्या दिवशी विचारलं, "काय बोलला?"

"बोलला, आजीनी माझी इज्जत राखली."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग जिन्याच्या खिडकीतून कप आणला, विसळला नाही, तसाच चहा ओतून माझ्यापुढे ठेवला.

"अगं, हा साईनाथचा."

"हो. त्याला आता दहा वर्षं लागायचा नाही."

कपाला कान नाही, धरायला जागा नाही. चटका बसत होता. दर्शना बघत उभी होती, म्हणून मी दोन्ही हातांनी धरला आणि सगळा प्यायले.